हाताशी असेल त्यातून ॲनिमेशन : लघुपटाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

ॲनिमेशन म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर दूरचित्रवाणीवरची कार्टून किंवा परदेशी स्टुडिओंचे दोन तासांचे झगमगीत चित्रपट येतात. या कलेतले सर्वांत धाडसी काम मात्र गेली शंभराहून अधिक वर्षे पाच-दहा मिनिटांच्या लघुपटांत होत आले आहे. त्याचे कारण सरळ आहे. मोठ्या चित्रपटात शेकडो माणसे आणि कोट्यवधी रुपये गुंतलेले असल्यामुळे तिथे नवे काही करून पाहण्याची जोखीम कमी घेतली जाते. लघुपट एक-दोन माणसेही करू शकतात आणि त्यामुळे कोणी मणी हलवतो, कोणी काचेवर वाळू पसरतो, कोणी तैलरंगात बोटे बुडवतो, तर कोणी हजारो टाचण्यांच्या सावल्यांतून चित्र उभे करतो. साहित्य बदलले की चालण्याची लय बदलते, प्रकाश बदलतो आणि गोष्टीचा स्वभावही बदलतो.

लातूर, बीड, परभणी, हिंगोली किंवा जालन्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला, चित्रकला शिक्षकाला किंवा घरी बसून चित्रे काढणाऱ्या गृहिणीला हे काम सुरू करायचे असेल, तर महागड्या संगणकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपली गोष्ट कोणते साहित्य मागते हे ओळखायचे आणि ते साहित्य घरात, शेतात व आठवडी बाजारात शोधायचे, हीच या लेखातल्या सगळ्या सूचनांमागची धारणा आहे. इथे सांगितलेल्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने कराव्यात, कारण पुढची पायरी बहुतेक ठिकाणी मागचीवर उभी आहे.

पहिली पायरी : पाहणे

ऑस्करच्या नियमांप्रमाणे श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो. प्रत्यक्षात उत्तम ॲनिमेशन लघुपटांपैकी बरेचसे १५ मिनिटांच्या आतले असतात, त्यामुळे एका आठवड्यात दहा-बारा लघुपट लक्षपूर्वक पाहणे कोणालाही जमू शकते. प्रत्येक लघुपट तीनदा पाहावा. पहिल्यांदा नेहमीसारखा पाहावा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा, म्हणजे गोष्टीचा किती भार चित्रावर आहे ते कळते. तिसऱ्यांदा मध्येमध्ये थांबवत पाहावा आणि वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : वस्तू कशाची बनवली आहे, ती किती वेळ स्थिर राहते आणि एक आकार दुसऱ्या आकारात नेमका कुठे बदलतो.

सुरुवात आपल्या दादासाहेब फाळक्यांपासून करावी, जरी त्यांचे हे काम आज पाहण्यापेक्षा वाचायलाच अधिक मिळत असले तरी. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा आगकाड्या नाचवणारा लघुपट केला. आपल्याकडच्या ॲनिमेशनची सुरुवात अशी घरातल्या आगपेटीतून झाली आहे, हे नवोदितांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

त्यापूर्वी, १९०८ मध्ये, फ्रान्सच्या एमिल कोल यांनी 'फँटास्मागोरी'साठी सुमारे ७०० रेखाचित्रे काढली होती. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरी रेघ माणूस होते, मग बाटली होते, मग फूल होते. रेघेला कोणतेही बंधन नाही हे या दीड-दोन मिनिटांत जितके कळते तितके जाडजूड पाठ्यपुस्तकातूनही कळत नाही. लोटे रायनिगर यांनी काळ्या कागदाच्या आकृत्या कातरून, त्यांचे सांधे तारेने जोडून सावल्यांची अख्खी दुनिया उभी केली. कॅनडात नॉर्मन मॅक्लारेन यांनी १९५२ च्या 'नेबर्स'मध्ये जिवंत माणसांनाच बाहुल्यांसारखे एकेक चौकट, म्हणजे एकेक स्थिर छायाचित्र, टिपत पुढे सरकवले. दोन शेजारी एका फुलावरून भांडतात आणि भांडण विकोपाला जाते, एवढीच त्याची गोष्ट आहे. ज्यांनी बांधावरून दोन भावांमध्ये वर्षानुवर्षे चाललेले वैर पाहिले आहे, त्यांना तो लघुपट वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

भारताशी नाते असलेल्या लघुपटांकडे मी मुद्दाम अधिक वेळ देण्यास सांगेन. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली केलेला, विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला आणि भीमसेन यांच्या ॲनिमेशनने सजलेला 'एक अनेक और एकता' एका पिढीच्या तोंडी आहे, पण त्यातली आकृत्यांची काटकसर क्वचितच कोणी पाहते. गुजरातेत जन्मलेले आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून कॅनडात गेलेले इशू पटेल यांनी १९७७ साली 'बीड गेम' (मण्यांचा खेळ) हा लघुपट केवळ रंगीत मणी काळ्या पृष्ठभागावर सरकवत केला. एक प्राणी दुसऱ्याला गिळतो आणि त्यातून तिसरा जन्मतो, असे करत गोष्ट माणसाच्या युद्धापर्यंत पोहोचते आणि तीत एकही शब्द नाही. गीतांजली राव यांच्या २००६ च्या 'प्रिंटेड रेनबो'मध्ये एक म्हातारी, तिची मांजर आणि तिने जमवलेल्या काडेपेट्या आहेत. प्रत्येक काडेपेटीवरचे चित्र तिच्यासाठी एका वेगळ्या जगाचे दार होते. नीना सबनानी यांनी २००९ मध्ये 'टांको बोले छे' करताना कच्छच्या स्त्रियांचे कापडावरचे ठिगळकाम आणि त्यांच्याच तोंडची हकीकत एकत्र आणली. आपल्याकडच्या घराघरांत जुन्या लुगड्यांच्या वाकळी असतात आणि त्यांवर एका कुटुंबाचा कितीतरी वर्षांचा इतिहास टाचलेला असतो, म्हणून हा लघुपट मराठवाड्यातल्या माणसाने दोनदा नव्हे, चारदा पाहावा असे मला वाटते.

यानंतर वेळ मिळेल तसे वाळूत काम करणाऱ्या कॅरोलिन लीफ, धुक्याला जवळजवळ स्पर्श करता येईल असे दाखवणारे युरी नॉर्श्टाइन आणि काचेवर बोटांनी तैलरंग पसरून सुमारे २९ हजार चित्रांमधून १९९९ चा 'द ओल्ड मॅन अँड द सी' हा लघुपट घडवणारे अलेक्सांद्र पेत्रोव यांचे काम पाहावे.

दुसरी पायरी : मटकीचा सराव

गोष्ट सुचण्याची वाट न पाहता हात लगेच कामाला लावावा. ओल्या फडक्यावर मूठभर मटकी पसरावी, फोन वरून पक्का बसवावा आणि दर १० मिनिटांनी एक छायाचित्र आपोआप निघेल असे ॲप लावावे. २४ तासांत १४४ छायाचित्रे निघतात आणि एका सेकंदाला १२ या हिशोबाने ती दाखवली की १२ सेकंदांचे चित्रण मिळते. मोड येताना मटकी नुसती वाढत नाही, ती कूस बदलते, शेजारच्या दाण्याला ढकलते. फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी पाहिले तेच आपण पाहत असतो. फडके मधूनमधून भिजवावे लागते, आणि तेवढ्यासाठी फोनला धक्का लागला की चित्र हलते. कॅमेरा स्थिर ठेवण्याची शिस्त या एका सरावातून अंगी बाणते.

तिसरी पायरी : गोष्ट

पहिला लघुपट ३० ते ६० सेकंदांचा असावा आणि त्यात एकच घटना असावी. नवोदितांचा ओढा बहुधा संपूर्ण दुष्काळ, संपूर्ण शिक्षणव्यवस्था किंवा संपूर्ण आयुष्य दाखवण्याकडे असतो. त्याऐवजी दुष्काळातली एक घागर घ्यावी.

गोष्ट पारखण्याचा माझा निकष एकच आहे : हीच गोष्ट दोन नट घेऊन फोनवर तशीच्या तशी चित्रित करता येत असेल, तर तिला ॲनिमेशनची गरज नाही. टँकरच्या रांगेतून घागर घेऊन घरी निघालेली बाई नुसती चालताना दाखवायची असेल, तर ती खरीच चित्रित करावी. परंतु प्रत्येक पावलागणिक तिच्या डोक्यावरची घागर मोठी होत गेली, उंबऱ्यापाशी ती घराएवढी झाली आणि दारातून आतच जाईना, तर ते दृश्य फक्त ॲनिमेशनच दाखवू शकते. वस्तूचे रूप बदलणे, निर्जीवाला स्वभाव देणे, मनातले बाहेर आणणे आणि एका क्षणात वर्षे ओलांडणे ही या कलेची खरी बळे आहेत. आपली गोष्ट यांपैकी निदान एकावर उभी असावी.

विषयांची आपल्याकडे वाण नाही. लातूर-धाराशिवकडे येळवशीला शेतात कडब्याची कोप उभारून पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन सारे घर रानात जाते. त्या दिवशी रिकामी कोप संध्याकाळी स्वतःशी काय बोलत असेल? ऊसतोडीला निघालेल्या आई-बापांच्या बैलगाडीत बसलेल्या लेकराच्या दप्तराचे पुढे काय होते? पोळ्याच्या आदल्या रात्री बाजारात उरलेला मातीचा एकच बैल कुठे जातो? पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांत विंचू आणि जोशी यांच्या तोंडून अध्यात्म सांगितले. वस्तूला, प्राण्याला आणि सोंगाला बोलते करण्याची ही रीत आपल्या मातीत मुरलेली आहे, ती ॲनिमेशनला फार जवळची आहे. भारुड जसेच्या तसे उचलून चित्रित करण्यापेक्षा ती रीत आत्मसात करून आपले स्वतःचे सोंग उभे करावे, हे मात्र आग्रहाने सांगतो.

चौथी पायरी : साहित्य निवडणे

या पायरीवर घाई करू नये. लघुपटाचे सौंदर्य निम्म्याहून अधिक इथेच ठरते.

धान्य हे नवशिक्यासाठी सर्वांत उत्तम साहित्य आहे. काळ्या कापडावर ज्वारीचे दाणे, तुरीची डाळ, करडई आणि हिरवे मूग मिळून चार रंग फुकट मिळतात. दाणे बोटाने सरकवण्यापेक्षा चित्रकलेच्या ब्रशच्या मागच्या टोकाने सरकवावेत, म्हणजे शेजारचा दाणा हलत नाही. थवा, गर्दी, पाऊस, टोळधाड, जत्रा अशा अनेकांनी मिळून एक रूप घेण्याच्या गोष्टींना धान्य शोभते. एका माणसाच्या चेहऱ्यावरचा बारीक भाव दाखवण्यासाठी ते निरुपयोगी आहे, कारण दाणा डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठा ठरतो.

वाळूसाठी दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी जाड काच दोन बाजूंना विटांच्या चवडींवर ठेवावी, काचेखाली बटर पेपर चिकटवावा आणि त्याच्याही खाली बल्ब लावावा. बारीक चाळणीने चाळलेली, पूर्ण कोरडी वाळू काचेवर पसरली की जिथे थर जाड तिथे काळोख आणि जिथे बोट फिरले तिथे उजेड दिसतो. वाळूत आधीचे चित्र पुसल्याशिवाय पुढचे होत नाही, म्हणून मागे जाता येत नाही. आठवण, स्वप्न, पूर, विस्मरण यांच्या गोष्टींना ही गोष्ट फार उपकारक ठरते. थोडे कौशल्य आले की रांगोळीही याच पद्धतीने वापरता येते. ती वरून उजेड देऊन गडद पाटावर अधिक खुलते आणि ज्यांचा हात रोज अंगणात फिरला आहे, त्यांना ती पहिल्या दिवसापासून साधते.

कातरकामासाठी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना वापरतात तसा जाड ड्रॉइंग पेपर पुरतो. धड, वरचा हात, खालचा हात, मांडी, पोटरी आणि डोके वेगवेगळे कातरावे आणि सांध्यातून दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारावी. आकृती बाजूने पाहिलेली असावी, कारण समोर पाहणारा कागदी माणूस चालवणे कठीण जाते. पैठण शैलीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कथाचित्रांत चेहरे बाजूने रेखाटलेले, डोळे मोठे आणि बाह्यरेषा ठसठशीत असते. ती चित्रे एकेक करून समोर धरत निवेदक गोष्ट सांगत असे. कातरकामाच्या लघुपटासाठी आकृत्या ठरवताना ही शैली नुसती नक्कल म्हणून न वापरता, ती इतक्या कमी रेषांत माणूस कसा ओळखीचा करते हे पाहावे.

मातीबद्दल एक सूचना. पोळ्याचे बैल करतात ती माती दिव्याच्या उष्णतेने तासाभरात वाळते आणि सांध्यावर तडकते. हलवायच्या पात्रांसाठी दुकानात मिळणारी तेलयुक्त क्ले वापरावी आणि आतमध्ये दुपेडी पीळ दिलेली ॲल्युमिनियमची तार घालावी. खरी माती घर, बांध, विहीर अशा न हलणाऱ्या वस्तूंसाठी ठेवावी. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत क्ले इतकी मऊ होते की पात्राची मान वाकते, म्हणून त्या दिवसांत पहाटे काम करणे बरे.

ज्यांना चित्रच काढायचे आहे त्यांनी कागदावर काढावे किंवा संगणक असल्यास क्रिता, ओपनटूंझ आणि ब्लेंडर ही मोफत सॉफ्टवेअर वापरावीत. ओपनटूंझ २०१६ पासून सर्वांसाठी खुले आहे. त्याचे मूळ सॉफ्टवेअर जपानचा प्रसिद्ध जिब्ली स्टुडिओ वापरत आला आहे.

पाचवी पायरी : आवाज आधी ध्वनिमुद्रित करणे

पुष्कळ जण चित्र पूर्ण झाल्यावर आवाजाचा विचार करतात. संवाद किंवा निवेदन असेल तर क्रम उलटा हवा, कारण आवाजाची लांबी ठरल्याशिवाय किती चित्रे लागतील ते ठरत नाही. ब्रिटनच्या निक पार्क यांनी १९८९ च्या 'क्रीचर कम्फर्ट्स'मध्ये सामान्य माणसांच्या खऱ्या मुलाखती घेतल्या आणि त्या प्राणिसंग्रहालयातल्या मातीच्या प्राण्यांच्या तोंडी घातल्या. लोक आपल्या राहण्याच्या जागेविषयी बोलत होते, आणि तेच बोल पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या तोंडून आले की त्यांचा अर्थच पालटला. ही रीत नवोदितांसाठी अनमोल आहे, कारण तिला पटकथा लिहिण्याचे कसब लागत नाही, ऐकण्याचे लागते.

घरातल्या आजीला, शेतावरच्या सालगड्याला, एसटी स्थानकावरच्या चहावाल्या मामांना एखाद्याच विषयावर बोलते करावे आणि फोन त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून मुद्रण करावे. खोलीत वाकळी-चादरी टांगल्या की आवाज घुमत नाही. आजी "लेकरं उपाशीच झोपायलीत की रं" असे म्हणाल्या, तर ते वाक्य 'मुले उपाशीच झोपत आहेत' असे पुन्हा बोलायला लावू नये. त्या 'झोपायलीत'मध्ये गाव आहे, वय आहे आणि काळजी आहे. मुद्रणापूर्वी ते कशासाठी आहे हे त्यांना नीट सांगावे, होकार घ्यावा आणि पूर्ण झालेला लघुपट त्यांना दाखवावा.

जात्यावरच्या ओव्या हा आपल्याकडचा दुसरा मोठा ठेवा आहे. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. त्या ऐकाव्यात, पण आपल्या लघुपटात शक्यतो आपल्याच गावातल्या बाईंच्या गळ्यातली ओवी त्यांच्या परवानगीने घ्यावी. चित्रपटगीते मात्र पूर्ण टाळावीत. हक्कांच्या प्रश्नामुळे असा लघुपट महोत्सवातून परत येतो आणि इंटरनेटवरूनही काढला जातो.

पात्राचे ओठ हलवायचे असतील तर प्रत्येक अक्षराचा पाठलाग करू नये. प, ब, भ, म यांच्या उच्चाराला ओठ पूर्ण मिटतात. तेवढ्या ठिकाणी तोंड बरोबर मिटले आणि स्वरांवर उघडले की पाहणाऱ्याला ते पटते.

सहावी पायरी : स्टोरीबोर्ड

स्टोरीबोर्ड म्हणजे गोष्टीतली महत्त्वाची दृश्ये क्रमाने काढलेली लहान चित्रे. चित्रकला चांगली नसली तरी चालेल, काड्यांची माणसे पुरतात. ३० सेकंदांसाठी आठ ते दहा चौकटी पुरेशा आहेत. प्रत्येक चौकटीखाली तिचे सेकंद लिहावेत आणि त्यांची बेरीज मुद्रित आवाजाशी जुळवून पाहावी.

याचा सर्वांत थोर धडा आपल्या प्रदेशातच, अजिंठ्याला आहे. सतराव्या लेण्यातल्या विश्वंतर जातकाच्या चित्रांत एकच राजपुत्र भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो आणि चौकटी आखलेल्या नसतानाही एक प्रसंग संपून दुसरा कुठे सुरू झाला हे कळते. कुठे दरवाजा, कुठे खांब, कुठे झाड मध्ये येते, कुठे पात्राची मान पुढच्या प्रसंगाकडे वळलेली असते. लेण्यात वही आणि पेन्सिल घेऊन उभे राहावे आणि आपली नजर भिंतीवर कोणत्या क्रमाने फिरते ते बाणांनी टिपावे. तिथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि सोमवारी लेणी बंद असतात. आपल्या लघुपटात एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना नुसता काळा पडदा टाकण्याऐवजी दार, फांदी किंवा वळलेली मान वापरता येईल का, याचा विचार त्या भिंतीसमोर आपोआप सुरू होतो.

सातवी पायरी : कॅमेरा आणि उजेड

फोन वरून खाली पाहणारा हवा असेल तर दोन स्टुलांवर फळी आडवी टाकावी, फळीला कॅमेऱ्यापुरते भोक पाडावे आणि फोन त्यावर चिकटपट्टीने पक्का बसवावा. छायाचित्र घेताना फोनला बोट लावू नये. वायरच्या इअरफोनचे आवाज वाढवण्याचे बटण बहुतेक फोनमध्ये छायाचित्र घेते. 'स्टॉप मोशन स्टुडिओ'सारख्या ॲपची मोफत आवृत्ती सुरुवातीला पुरते. त्यात आधीचे छायाचित्र पुसट दिसत राहते, त्यामुळे वस्तू किती सरकवली याचा अंदाज येतो. काम सुरू करण्यापूर्वी फोन विमान स्थितीवर ठेवावा. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेडाचे प्रमाण कायम करून ठेवावे, नाहीतर प्रत्येक छायाचित्रात रंग वेगळा येतो.

दिवसाच्या उजेडात काम करू नये, कारण सूर्य सरकत राहतो आणि सावल्याही सरकतात. खिडकी जाड कापडाने झाकावी आणि दोन एलईडी बल्ब दोन्ही बाजूंनी तिरके लावावेत. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त बल्ब डोळ्याला दिसत नाही असा लुकलुकतो. ॲपमध्ये शटर, म्हणजे एका छायाचित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, ठरवता येत असेल तर ते एका सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग असे ठेवावे. पांढरा सदरा घातला तर त्याचा उजेड चित्रावर पडतो, म्हणून गडद कपडे घालावेत. पंखा बंद ठेवावा लागतो. आपल्या उन्हाळ्यात ही मोठीच अट आहे, म्हणून कागद, वाळू आणि रांगोळीची कामे शक्यतो हिवाळ्यात काढावीत. मध्येच वीज गेली तर तो शॉट तिथेच थांबवावा. इन्व्हर्टरवरच्या दुसऱ्या दिव्यात तो पुढे नेला तर रंगातला फरक शेवटपर्यंत डोळ्यांत खुपतो.

आठवी पायरी : हालचालीचे गणित

चित्रपट एका सेकंदाला २४ चौकटी दाखवतो. प्रत्येक चित्र दोन चौकटी धरून ठेवले की १२ चित्रांत एक सेकंद होतो, आणि जगातले असंख्य उत्तम लघुपट याच हिशोबाने झाले आहेत. ४० सेकंदांना ४८० छायाचित्रे लागतील. एका छायाचित्राला एक मिनिट धरले तर ८ तासांचे काम होते, आणि ते तीन-चार बैठकींत वाटून घ्यावे.

खरी कसोटी मात्र किती चित्रे यापेक्षा दोन चित्रांमध्ये अंतर किती, यात आहे. मातीचा बैल दोन सेकंदांत २४ सेंटिमीटर चालवायचा असेल, तर तो प्रत्येक वेळी एक सेंटिमीटर सरकवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निर्जीव मार्ग आहे. त्याऐवजी पहिल्यांदा दोन-तीन मिलिमीटर, मग हळूहळू वाढवत मध्यावर दीड-पावणेदोन सेंटिमीटर आणि शेवटी पुन्हा कमी करत थांबवावे. त्याच्या गाडीत ऊस भरलेला असेल तर सुरुवातीची बारीक अंतरे अधिक काळ चालू ठेवावीत आणि निघण्यापूर्वी बैल किंचित मागे रेलवावा. पाहणाऱ्याला ओझे दिसत नाही, अंतरांतून ते जाणवते.

पडणाऱ्या वस्तूची अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात. चिंच झाडावरून पडत असेल तर पहिल्यांदा अर्धा, मग दीड, मग अडीच, मग साडेतीन सेंटिमीटर असे सरकवले की चार चित्रांत ती आठ सेंटिमीटर खाली येते आणि खरोखर पडल्यासारखी दिसते. साधारण चालीत एका पावलाला अर्धा सेकंद, म्हणजे सहा चित्रे लागतात. थकलेल्या माणसाला नऊ-दहा द्यावीत. कोणत्याही मोठ्या हालचालीपूर्वी उलट दिशेची छोटी हालचाल आणि तिच्यानंतर अर्धा सेकंद स्थिरता असावी. अशी बारा तत्त्वे डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडली. ती सगळी पाठ करण्याची घाई नको, वजन, पूर्वतयारी आणि थांबणे ही तीन हाताला लागली तरी पहिला लघुपट उभा राहतो. हालचाल कळत नसेल तेव्हा ती स्वतः करून पाहावी आणि फोनच्या घड्याळावर मोजावी. खरी भरलेली घागर डोक्यावर घेऊन चार पावले चालल्याशिवाय घागरीचा लघुपट करू नये.

नववी पायरी : जोडणी

छायाचित्रे जोडून झाल्यावर प्रथम आवाजाशिवाय पाहावे आणि जिथे आपल्यालाच कंटाळा येतो तिथे कात्री लावावी, मग ती चित्रे करायला कितीही वेळ लागलेला असो. 'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती जोडणीसाठी आणि 'ऑडॅसिटी' आवाजासाठी पुरते. पार्श्वध्वनी स्वतः मुद्रित करावेत. सुपात पाखडलेली ज्वारी पावसासारखी वाजते, वाळलेला कडबा चुरगळला की आगीचा आवाज येतो. शांततेलाही जागा ठेवावी.

दहावी पायरी : दाखवणे

पहिले प्रेक्षक शाळेतले असावेत. १८९२ साली २८ ऑक्टोबर रोजी एमिल रेनो यांनी पॅरिसमध्ये हलती चित्रे प्रथम लोकांसमोर सादर केली, म्हणून तो दिवस आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन मानला जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रोजेक्टर असेल तर त्या सुमारास गावातल्या चार-पाच जणांचे लघुपट एकत्र दाखवता येतील. मुले कुठे हसली, कुठे गप्प झाली आणि कुठे शेजाऱ्याशी बोलू लागली हे मागे उभे राहून पाहावे, आणि त्यानुसार पुन्हा जोडणी करावी.

त्यानंतर महोत्सव. मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठी दर दोन वर्षांनी भरतो. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, तिथे प्रेक्षक म्हणून जाणेही लाभाचे आहे. फ्रान्समधल्या ॲनसीचा महोत्सव १९६० पासून केवळ ॲनिमेशनसाठी चालतो आणि पाठवण्याइतके काम झाले असेल तर तिथे पाठवण्यास संकोच करू नये. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक महोत्सवाची नियमावली वाचावी, कारण काही ठिकाणी आधी इंटरनेटवर टाकलेला लघुपट घेत नाहीत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते. बाहेर पाठवताना इंग्रजी उपशीर्षके द्यावी लागतात. ती देताना पडद्यावर एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात आणि आजींच्या बोलीतल्या एखाद्या शब्दाला नेमका पर्याय मिळत नसेल, तर तो शब्द तसाच ठेवावा.

मूळ छायाचित्रे, मूळ ध्वनिमुद्रण आणि जोडणीची फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी, त्यांतली एक प्रत तरी फोनच्या बाहेर असावी. फोनवर पाहायला बनवलेली प्रत मोठ्या पडद्यावर फाटल्यासारखी दिसते, आणि महोत्सवाने निवड केल्यावर मोठ्या आकाराची नवी प्रत काढायची झाली की हीच मूळ छायाचित्रे लागतात.